मक्त्यापासून फ्रँचायझीपर्यंत : घेण्याआधीची चौकशी

परळीच्या बाजारपेठेत अलीकडे एक नवा शब्द रुळला आहे. पूर्वी लोक 'अमक्याने एजन्सी घेतली' असे म्हणत. आता 'फ्रँचायझी घेतली' असे म्हणतात. चहाची, आइस्क्रीमची, औषधांची, कुरिअरची, लहान मुलांच्या इंग्रजी शाळेची, कशाचीही फ्रँचायझी मिळते. शब्द नवा असल्यामुळे वस्तूही नवी आहे असा समज होतो, आणि नव्या वस्तूविषयी वडीलधाऱ्यांना विचारण्याचे कारण नाही असेही तरुणांस वाटते. आमचे म्हणणे असे की वस्तू फार जुनी आहे. तिला आपल्या मुलखात मक्ता, इजारा, ठेका अशी नावे होती. त्या नावांखाली आपल्या पूर्वजांनी कमावलेही पुष्कळ आणि गमावलेही पुष्कळ. तो अनुभव दप्तरांत पडून आहे. तो थोडा झटकून पाहावा, एवढाच या व्याख्यानाचा हेतू.

मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ मोकळीक. राजाने एखाद्यास बाजार भरविण्याची किंवा नदीवर नाव चालविण्याची मोकळीक द्यावी आणि त्याबद्दल नजराणा घ्यावा, यास युरोपात हे नाव होते. इंग्रजीत मतदानाच्या हक्कासही हाच शब्द लावतात. आमच्या मक्त्याचा आणि या फ्रँचायझीचा सांगाडा एकच आहे: हक्क दुसऱ्याचा, भांडवल आपले, श्रम आपले, आणि उत्पन्नातला पहिला घास हक्काच्या मालकाचा. हा सांगाडा ध्यानी ठेवला म्हणजे पुढचे सर्व समजण्यास सोपे जाते.

कामगार चळवळीतल्या माणसाने या विषयात का पडावे, असे कोणी विचारील. परळीच्या औष्णिक वीजकेंद्राचा पहिला संच १९७१ साली सुरू झाला आणि १९८० नंतर मोठे संच आले. त्या काळात नोकरीस लागलेली पिढी निवृत्त झाली आहे, आणि जुने संचही एकामागून एक बंद झाले आहेत. निवृत्तीच्या दिवशी कामगाराच्या हाती भविष्यनिर्वाह निधी आणि उपदान यांची रक्कम एकदम पडते. घरात पदवी घेतलेला मुलगा रिकामा बसलेला असतो. नेमक्या अशा वेळी गुळगुळीत कागदावर छापलेले माहितीपत्रक घेऊन कोणी तरी दारात येतो. पगारवाढीसाठी भांडण्यात आमचे आयुष्य गेले. त्या पगारातून थेंबे थेंबे साठलेला पैसा एका सहीने जाऊ नये हे पाहणे त्याच भांडणाचा उत्तरार्ध आहे, असे आम्ही मानतो.

आता पेशवाईत चला. सवाई माधवरावांच्या काळी, नाना फडणविसांच्या हाती कारभार असताना, मामलत देण्याची एक रीत होती. मामलतदाराने नेमणुकीच्या वेळी वसुलापैकी काही रक्कम सरकारात आगाऊ भरावयाची. तिला रसद म्हणत. पण रसद घेण्याआधी हुजूर दफ्तरातून त्या प्रांताचा बेहडा तयार होई. बेहडा म्हणजे जमाखर्चाचा अंदाज: वसूल किती यावा, शिबंदीस किती लागावे, देवस्थाने व नेमणुका यांस किती जावे. हा बेहडा मागील हिशेबांवरून होत असे, कोणाच्या तोंडच्या गोष्टीवरून नव्हे. शिवाय जिल्ह्यात फडणीस, मजुमदार, दफ्तरदार, पोतनीस असे दरकदार असत. त्यांची वतने मामलतदाराच्या मर्जीवर नसल्यामुळे त्यांस हिशेबावर आपला शेरा मारण्याची भीती नसे. म्हणजे पैसा भरणाऱ्यापुढे मागचा हिशेब होता, आणि तो हिशेब तपासणारा मनुष्य स्वतंत्र होता.

दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत ही शिस्त मोडली. मामलती सर्वांत जास्त बोली करणाऱ्यास इजाऱ्याने जाऊ लागल्या. पेशवाई बुडाल्यानंतर १८१९ साली एल्फिन्स्टनने जो अहवाल लिहिला, त्यात या पद्धतीचे परिणाम नोंदले आहेत. वरच्या इजारदाराने खालच्यास पोटइजारा द्यावा, त्याने आणखी खालच्यास द्यावा, आणि शेवटी सगळा भार कुणब्याच्या पाठीवर यावा, असे ते चक्र होते. बोली वाढली म्हणून जमीन जास्त पिकत नाही. आजच्या व्यवहारात सबंध जिल्ह्याचा हक्क घेणाऱ्यास 'मास्टर फ्रँचायझी' म्हणतात आणि तो तालुक्याचे हक्क विकतो. ज्याचे उत्पन्न दुकानातल्या विक्रीवर नसून नवे हक्क विकण्यावर आहे, त्यास आपले दुकान चालो वा बुडो, फारसा फरक पडत नाही. तेव्हा पहिला प्रश्न हा विचारावा: समोरचा मनुष्य माल विकून जगतो, की हक्क विकून?

आमचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तेव्हा इजाऱ्याची दुसरी गोष्ट घरचीच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैदराबादचा कारभार चंदुलालच्या हाती होता आणि खजिना नेहमी रिकामा असे. सावकारांकडून कर्ज काढावे आणि फेडीसाठी एखाद्या प्रांताचा वसूल त्यांस लावून द्यावा, हा परिपाठ होता. त्या सावकारांत विकाजी मेहेरजी आणि पेस्तनजी या पारशी बंधूंची पेढी अग्रगण्य होती. १८२५-२६ च्या सुमारास वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून मुंबईस नेण्याचा उद्योग याच पेढीने केला. औरंगाबादच्या टांकसाळीतून त्यांच्या वेळी निघालेले रुपये पेस्तनशाही म्हणून ओळखले गेले. एवढी मोठी पेढी. परंतु चंदुलाल १८४३ साली पायउतार झाला, आणि पुढच्या दोनेक वर्षांत ज्या प्रांतांच्या वसुलावर कर्जाची फेड अवलंबून होती ते प्रांत सरकारने काढून घेतले. पेढीने इंग्रज सरकारकडे दाद मागितली. त्या सरकारने मध्ये पडण्याचे नाकारले. १८५३ साली पहिला सालारजंग दिवाण झाला. त्याने इजाऱ्याची पद्धत हळूहळू मोडून पगारी अधिकारी नेमले आणि १८६५ साली जिलाबंदी केली.

या पेढीजवळ पैसा होता, हिशेब होता, धंद्याची जाण होती. जवळ नव्हते ते एकच: हक्क काढून घेतला तर दाद कोठे मागावयाची याचे उत्तर. आजच्या करारपत्रात शेवटच्या पानांवर 'करार समाप्ती' आणि 'वाद व लवाद' अशी कलमे असतात. लोक पहिली चार पाने वाचतात, जेथे रंगीत चित्रे आणि उत्पन्नाचे आकडे असतात. आमचा आग्रह असा की पत्रक मागून वाचावयास घ्यावे. करार किती वर्षांचा, तो कोण व किती दिवसांच्या सूचनेने मोडू शकतो, मोडल्यावर अनामतीचे व उरलेल्या मालाचे काय, आणि भांडण झाल्यास खटला परळी-अंबाजोगाईस की दिल्लीस? दिल्लीच्या एका तारखेस जाण्यायेण्याचा खर्च काढून पाहावा, म्हणजे त्या एका ओळीची किंमत कळेल.

अर्वाचीन पद्धतीची फ्रँचायझी अमेरिकेत वाढली. शिवणयंत्रे करणाऱ्या सिंगर कंपनीने १८५० नंतरच्या दशकात भांडवल उभे करण्यासाठी मुलखामुलखाचे विक्रीहक्क विकले. पुढे त्यांतले बरेच परत घेऊन स्वतःच्या शाखा उघडल्या. आमच्याकडे या पद्धतीचे पहिले मोठे रूप शीतपेयांच्या धंद्यात दिसले. १९७७ साली कोकाकोला कंपनी देश सोडून गेली, आणि मुंबईच्या पारले कंपनीने अर्क आपला व बाटल्या भरण्याचा कारखाना दुसऱ्याचा, या रीतीने गावोगाव जम बसविला. १९९३ मध्ये पारलेने आपली पेयांची नावे परत आलेल्या कोकाकोलास विकली. बाटल्या भरणारे कारखानदार होते तेथेच राहिले. त्यांचा धनी मात्र बदलला. गुजरातमधील अशा एका कारखान्याचे भाग पुढे पेप्सीच्या बाजूकडे गेले आणि भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. १९९५ च्या निकालात न्यायालयाने असे धरले की करार चालू असेतोवर प्रतिस्पर्ध्याचा माल न करण्याची अट ही व्यापारास केलेली बेकायदा अटकाव नव्हे. भारतात फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदा नाही. १८७२ चा करार कायदा, व्यापारचिन्हांचा कायदा असे निरनिराळे कायदे लागू होतात. म्हणून सही केलेला कागद हाच बहुतांशी आपला कायदा ठरतो.

याहून जवळचे आणि आमच्या धंद्यातले उदाहरण विजेचे आहे. वीजवाटपातील गळती कमी करण्यासाठी महावितरणने शहरे फ्रँचायझीने देण्यास आरंभ केला. पहिले शहर भिवंडी. तेथे २६ जानेवारी २००७ पासून टोरंट पॉवर कंपनीने काम हाती घेतले. रीत अशी की शहराच्या वेशीवर जेवढी वीज आत येईल तेवढ्या युनिटांचे पैसे ठरलेल्या दराने महावितरणला द्यावयाचे, आणि ग्राहकांकडून जेवढी वसुली होईल ती आपली. वाटेत चोरी झाली, तारांत गळती झाली, बिल थकले, तर ते नुकसान फ्रँचायझी घेणाऱ्याचे. भिवंडीत सुरुवातीस निम्म्याहून अधिक असलेली हानी काही वर्षांत शेकडा वीसच्या आसपास उतरली. हे यश पाहून २०११ साली औरंगाबाद, नागपूर आणि जळगाव ही शहरेही दिली गेली. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, जीटीएल कंपनीकडे गेले. नोव्हेंबर २०१४ मध्ये थकबाकीच्या कारणावरून तो करार संपुष्टात आला. जळगाव क्रॉम्प्टन ग्रीव्हजकडे होते. ते २०१५ मध्ये परत आले. नागपुरात मधल्या काळात चालविणारी कंपनीच बदलली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये ते शहरही महावितरणकडे परतले. वीज कामगारांच्या संघटनांचा या पद्धतीस विरोध होता आणि आहे. तो वाद आज बाजूस ठेवू. येथे पाहावयाचे एवढेच की पद्धत एक, देणारा एक, सरकार एक, आणि तरी चार शहरांपैकी एकच टिकले. 'अमक्या गावी जोरात चालले आहे' हे वाक्य आपल्या गावाविषयी काहीही सिद्ध करीत नाही. भिवंडीत घेणारी कंपनी अहमदाबाद-सुरतेस वीजवाटप केलेली होती, तिच्याजवळ तोटा सोसत पैसा ओतण्याची ताकद होती. एकाच बियाणाचे पीक काळ्या जमिनीत निराळे येते आणि मुरमाड जमिनीत निराळे, हे बीड जिल्ह्यातल्या माणसास आम्ही सांगावयास नको.

अमेरिकेत १९६० नंतर फ्रँचायझींचा सुकाळ झाला आणि फसवणुकीचाही. त्यामुळे कॅलिफोर्निया राज्याने १९७० साली कायदा केला, आणि सबंध देशासाठी व्यापार आयोगाने केलेला नियम १९७९ पासून अंमलात आला. त्याचे सार असे: पैसे घेण्याच्या किंवा सही करून घेण्याच्या निदान १४ दिवस आधी ठरावीक २३ बाबींची माहिती लेखी द्यावी. त्यात कंपनीवरील खटले आहेत, दिवाळखोरी आहे, एकूण खर्चाचा अंदाज आहे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चालू दुकानदारांची व गेल्या वर्षी सोडून गेलेल्यांची नावे व पत्ते आहेत. ज्याला आमच्या जुन्या कारभाऱ्यांनी बेहडा म्हटले तोच हा. आपल्याकडे असा नियम नाही. पण मागण्यास कोणी बंदीही केलेली नाही. 'गेल्या तीन वर्षांत तुमची किती दुकाने उघडली, किती बंद झाली, आणि बंद करणाऱ्यांपैकी पाच जणांशी आम्हांस बोलावयाचे आहे,' असे लेखी विचारावे. चालणारी दुकाने कंपनी आपणहून दाखविते. बंद झालेली आपण शोधावी लागतात. उत्तर टाळले तर तेही उत्तरच समजावे.

आता थोडा हिशेब मांडू. आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. ज्याने त्याने आपले घालावेत. समजा प्रवेश शुल्क ५ लाख, दुकानाची सजावट व यंत्रे ८ लाख, अनामत २ लाख, मिळून १५ लाख रुपये घातले. महिन्याची विक्री ३ लाख. मालास निम्मे, म्हणजे दीड लाख. विक्रीवर शेकडा ६ स्वामित्वशुल्क, १८ हजार. भाडे २५ हजार, तीन नोकरांचा पगार ४५ हजार, वीज १५ हजार, किरकोळ १२ हजार. उरले ३५ हजार. माहितीपत्रक येथे थांबते आणि घरातले सगळे खूष होतात. पण करार पाच वर्षांचा आहे. अनामत सोडून १३ लाख त्या ६० महिन्यांत वसूल व्हावयास हवेत, म्हणजे दरमहा सुमारे २१,७०० रुपये. राहिले १३,३०० च्या आसपास. म्हणजे मालकाची स्वतःची मजुरी त्याच्या नोकराच्या पगाराहून कमी झाली, आणि १५ लाखांचे व्याज तर अजून धरलेच नाही.

याहून पुढे जा. विक्री चौथाईने उतरून सव्वादोन लाखांवर आली असे धरा. मालाचे १,१२,५०० जातात, स्वामित्वशुल्क १३,५०० होते, बाकीचे खर्च जसेच्या तसे राहतात. शिल्लक २,००० रुपये. विक्री चौथाईने घटली, कंपनीचे उत्पन्न चौथाईनेच घटले, पण दुकानदाराचे जवळजवळ संपले. याचे कारण शुल्क विक्रीवर आहे, नफ्यावर नाही. पीक आले काय, न आले काय, इजारा भरावाच लागे. त्यातलाच हा प्रकार.

परळीत विक्री चौथाईने उतरते का? या प्रश्नाचे उत्तर गाव जाणतो. महाशिवरात्रीस आणि श्रावणी सोमवारी वैजनाथाच्या दर्शनास जी दाटी होते, ती पाहून कोणी वर्षाचा अंदाज बांधला तर तो फसणारच. दसरा-दिवाळी आटोपली की जिल्ह्यातील ऊसतोड कामगार उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे जातात, ते पाडव्याच्या पुढेमागे परततात; तेवढे महिने खेड्यापाड्यांचे गिऱ्हाईक अर्धे होते. दुष्काळ तर आमच्या पाचवीला पुजलेला. २०१३ आणि २०१५ साली पाण्यावाचून वीजकेंद्र बंद ठेवावे लागले, तेव्हा स्टेशन रोडवरच्या चहाच्या टपरीपासून कापडाच्या दुकानापर्यंत सर्वांना त्याची झळ लागली. मुंबई-पुण्याच्या कचेरीत तयार झालेल्या तक्त्यात खडका बंधाऱ्याच्या पाण्याचा रकाना नसतो. तो आपण घालावयाचा. ज्या जागी दुकान काढावयाचे तेथे साध्या दिवशी, बाजाराच्या दिवशी आणि सणाच्या दिवशी, सकाळी, दुपारी व संध्याकाळी बसून माणसे मोजावीत. आणि एकदा उन्हाळ्यात व एकदा उसाच्या हंगामात मोजावीत. हे काम फुकट होते आणि घरचा तरुण मुलगा ते करू शकतो. ज्याला दहा दिवस रस्त्यावर बसून माणसे मोजण्याचा कंटाळा आहे, त्याला पाच वर्षे गल्ल्यावर बसणे जमेल काय, याचीही परीक्षा त्यातच होते.

आणखी काही गोष्टी घरबसल्या तपासता येतात. ज्या नावासाठी आपण पैसे देतो ते नाव व्यापारचिन्ह म्हणून खरोखर या कंपनीच्या नावावर नोंदलेले आहे की नाही, हे सरकारी नोंदवहीत पाहता येते. कंपनी नोंदलेली असल्यास तिचे वार्षिक ताळेबंद थोडी फी भरून मिळतात. प्रसिद्ध कंपन्यांच्या नावाने खोटे कागद करून, फोनवरून आगाऊ रक्कम मागणारे भामटेही पुष्कळ झाले आहेत. पेट्रोल पंपाच्या नावानेही असे प्रकार घडले आहेत. पैसा मागणाऱ्याचा पत्ता आणि खाते कंपनीच्या नोंदलेल्या कचेरीत जाऊन पडताळल्याखेरीज एक रुपयाही पाठवू नये. 'परवापर्यंतच ही किंमत आहे' असे कोणी म्हटले, तर परवा उलटू द्यावा. खरा हक्क दोन दिवसांत नासत नाही.

शेवटी आमच्या बिरादरीचा एक प्रश्न. वरच्या हिशेबात तीन नोकर होते. विक्री उतरली की मालाचा दर कंपनी ठरविते, भाडे घरमालक ठरवितो, विजेचा दर आयोग ठरवितो. दुकानदाराच्या हातात कापण्यासारखे एकच कलम उरते: नोकराचा पगार. काल जो स्वतः संघाच्या झेंड्याखाली पगारासाठी उभा होता, तो आज तीन पोरांना किमान वेतनाहून कमी देऊ लागतो. तो दुष्ट झाला असे आम्ही मानीत नाही. पोटइजारदार कुणब्यास पिळीत असे, तोही वरच्या बोलीपायीच. पण कायद्याने त्या पोरांचा मालक तोच असतो. किमान वेतनाची आणि भविष्यनिर्वाह निधीची जबाबदारी त्याच्यावर येते, नाव देणाऱ्या कंपनीवर सहसा येत नाही. म्हणून सही करण्याआधी हिशेबात पूर्ण कायदेशीर पगार धरावा. तो धरून धंदा बसत नसेल, तर तो धंदा मुळातच बसत नाही असे समजावे.

फ्रँचायझी घेऊच नये असे आमचे म्हणणे नाही. तयार माल, ठरलेली रीत, ओळखीचे नाव, यांचा नवख्यास खराच उपयोग होतो, आणि नीट पाहून घेणाऱ्यांची दुकाने चालतही आहेत. आमची सूचना एवढीच आहे की हा बेहडा एकट्यादुकट्याने करण्याऐवजी गावाने मिळून करावा. परळीत कोणी कोणती एजन्सी घेतली, किती घातले, किती वर्षे चालली, बंद का झाली, याची एक साधी वही वाचनालयात किंवा व्यापारी मंडळात ठेवावी. नाव लिहिण्यास संकोच वाटत असेल तर नाव लिहू नये. आकडे मात्र खरे लिहावेत. कामगार संघाच्या कचेरीत अशी वही ठेवण्याची आणि करारपत्र घेऊन येणाऱ्या कोणासही वकिलाकडून ते वाचून समजावून देण्याची जबाबदारी आम्ही घेतो. व्यापाऱ्यांनी आणि शिक्षकांनी त्यात आपापली भर घालावी, अशी या सभेस विनंती आहे.